अठ्ठावीस घरांची होडी

माझ्या आयुष्यातले सात महिने मी एका होडीच्या नाकाखाली झोपलो आहे. हे सांगितलं की ऐकणारा लगेच विचारतो, "कोकणात होता का?" नव्हतो. मी होतो कारंज्याहून एसटीनं दीड तास आत असलेल्या एका गावात. तिथं माणसं पोहायला विहिरीत शिकत आणि समुद्र भूगोलाच्या पुस्तकात पाहत. तो भूगोल शिकवणारा मास्तर मीच, आणि समुद्र मीही पाहिलेला नव्हता.

सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. आमच्या नदीवर धरण झालं आणि जुनं गाव पाण्याखाली गेलं. माणसं घरं मोडून, दारं, वासे, तुळया बैलगाड्यांत घालून माळावर आली. तिथं सरकारनं चुन्यानं आखलेले चौकोनी प्लॉट चिठ्ठ्या टाकून वाटले. चिठ्ठीला पाटील-बिटील काही कळत नाही. त्यामुळं पाटलांच्या दारासमोर नेमकं दार आलं ते एका बौद्ध माजी सैनिकाचं. त्याच्या दोन खोल्यांपैकी एक मी भाड्यानं घेतली.

गाव त्यांना फौजी म्हणे, मी काका म्हणत असे. पंचावन्न-छप्पन्नचं वय, काठीसारखा ताठ देह, मिशा मात्र शरीराच्या मानानं फार मोठ्या. बायको वारलेली, मूलबाळ नाही. लष्करी बूट ते घरात घालत आणि बाहेर अनवाणी जात. मी कारण विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं.

"मास्तर, बाहेर चिखल, शेन, काटे. बूट खराब नाई होनार?"

त्यांचं बहुतेक बोलणं चूक आहे हे दिसे पण कुठं चूक आहे ते सापडत नसे.

त्यांच्याजवळ एक कापडी टेप होती. तिचा पहिला फूट उंदरांनी खाल्ला होता, म्हणून ती बारा इंचांपासून सुरू होई. नवी टेप आणायची तर त्यांना जुनीचा अपमान वाटे. कुठलंही माप घेतलं की ते मोठ्यानं आकडा सांगत आणि पुढं "वजा बारा" म्हणत. होता होता ती सवय जिभेलाच लागली. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "वय काय तुमचं?"

"चोवीस."

"वजा बारा," ते म्हणाले, "दिसतेच."

आणि तिसरी गोष्ट म्हणजे कर्नल साहेब. जवानीत काका एका थंड हवेच्या छावणीत, तळ्याकाठी, एका गोऱ्या कर्नलच्या हाताखाली होते. जगातलं सगळं शहाणपण त्या कर्नलच्या तोंडून निघालेलं होतं. "कर्नल साहेब म्हनत, वरनात हिंग आखरीले टाकावं." "कर्नल साहेब म्हनत, मेव्हन्याले घरात ठेवू नये." त्या बिचाऱ्या साहेबानं हिंगाचा आणि मेव्हण्याचा इतका विचार केला असेल असं मला कधीच वाटलं नाही. पण एक गोष्ट खरी होती. त्या साहेबानं दोन हिवाळे खपून स्वतःच्या हातानं लाकडी पट्ट्यांची एक होडी बांधली होती, आणि पट्ट्या धरून ठेवायचं काम काकांनी केलं होतं. तिला साहेब कयाक म्हणे. लांब, अरुंद, दोन्ही टोकांना निमुळती, वरून झाकलेली, आणि बसायला वर भोकं ठेवलेली. साहेब विलायतेला गेला, पण कयाक काकांच्या डोक्यात राहिली.

ती बाहेर निघाली ती त्यांच्या बहिणीपायी.

आक्का त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी. विधवा, मुलगी दूर दिलेली, नदीपलीकडच्या गावात एकटी राहायची. जुनं गाव होतं तेव्हा काका दर रविवारी नदीतल्या दगडांवरून अर्ध्या तासात तिच्याकडं जात आणि दिवसभर भांडून संध्याकाळी परत येत. भांडण एकच, वर्षानुवर्षं चाललेलं. काका म्हणत, तू एकटी आहेस, माझ्याकडं राहायला ये. आक्का म्हणे, तू एकटा आहेस, तूच इकडं ये. भावाच्या घरी बहीण पाहुणी म्हणून शोभते, राहिली तर मोलकरीण दिसते, हा तिचा मुद्दा. फौजी माणसानं बहिणीच्या दारात भाकर मोडायची का, हा त्यांचा. जेवण मात्र तिच्याच हातचं, भांडता भांडता.

धरण भरलं आणि दोघांच्या मध्ये मैलभर पाणी आलं. आता आक्काकडं जायचं म्हणजे एसटीनं कारंज्याला, तिथून दुसऱ्या गाडीनं फाट्यावर, आणि पुढं दोन कोस पायी. तिकडं पोचायला दुपारचा एक वाजे आणि परतीची शेवटची गाडी तीनला. "मास्तर," काका मला म्हणाले, "भांडनाले गरम व्हायलेच एक घंटा लागते. जरा रंगात आलं की उठा, गाडीची वेळ झाली. असं कुठी भांडन होते?" पोहरादेवीच्या यात्रेच्या दिवसांत तर सगळ्या गाड्या तिकडं वळत आणि भांडण महिनाभर जागच्या जागी राही.

आक्कानं इकडं यायचा प्रश्नच नव्हता. तिचे गुडघे गेले होते. एसटीची पायरी उंच. एकदा तिघांनी मागून ढकलून तिला चढवलं होतं, तेव्हा तिनं भर गाडीत जाहीर केलं की आता चढेन ती चौघांच्या खांद्यावरच.

मग भांडण एसटीनं जाऊ लागलं. फाट्यावर जाणारा कंडक्टरच कारंज्यात आमच्या गाडीवर बदलून येई. आक्का कुणाच्या तरी हाती फाट्यावर निरोप धाडी आणि तो कंडक्टर आमच्या गावात उतरून काकांसमोर उभा राही. "आक्का म्हनते, तुमी गाढव," तो मान खाली घालून सांगे. "मी नाई म्हनत. ती म्हनते." काका तितकंच तोलामोलाचं उत्तर देत. तो भला माणूस तेही पोचवी, फक्त एक-दोन शब्द गाळून. ते गाळलेले शब्द आक्का बरोबर ओळखे.

अशात होळीनंतर एका सकाळी काका माझ्या खोलीत आले, बूट घालून, अर्थात. "मास्तर, डोंग्याले पायरी नसते," ते म्हणाले. "काठावरून घसरत बसलं की झालं. आक्काले आनतो. दोन भोकाची कयाक करतो. एक माझ्यासाठी, एक तिच्यासाठी."

मी म्हटलं, छान. मला वाटलं, म्हातारा बोलतो आहे. दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर माझ्या आणि त्यांच्या खोलीमधल्या भिंतीला एक मोठं भोक होतं आणि माझ्या गादीवर विटांचा चुरा.

होडी सतरा फूट, त्यांची खोली अकरा. उरलेले सहा फूट माझ्या खोलीत येणार होते, बरोबर माझ्या खाटेच्या वर. मी संतापलो. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "नाकाखाली झोपा," ते म्हणाले. "मच्छर लागनार नाई." आणि खरं सांगायचं तर मी महिनाभरात त्या नाकाला सरावलो. सदरा वाळत घालायला त्याच्याइतकी चांगली जागा नव्हती.

वाचक मनात म्हणत असतील, आता ही होडी दारातून निघणार नाही. तसं काही झालं नाही. काकांनी आधी माझं दार मोजलं होतं, वजा बारा करून.

त्याच दिवसांत मला एका मुलीचे वडील पाहायला आले. त्यांनी खोली पाहिली, खाट पाहिली, वर लोंबणारं लाकडी सापळ्याचं टोक पाहिलं आणि चहा न घेताच उठले. निरोप आला की मुलगा डोंग्याखाली झोपतो. कारण वेगळं होतं हे मला कळत होतं. त्यांनी येताना घरमालकाचं आडनाव विचारलं होतं. पण होडीवर ढकलणं सगळ्यांना सोयीचं गेलं, आणि अशा घरातला सासरा मिळाला नाही याचं मला आजही वाईट वाटत नाही.

कामाची रीत अशी होती. एका लांब तुळईवर अकरा फळ्या कडेनं उभ्या केल्या, मधल्या मोठ्या आणि टोकांकडच्या लहान. त्यांच्यावरून बोटभर रुंद, पाव इंच जाडीच्या पट्ट्या एकीला एक चिकटवत न्यायच्या. खालून सुरुवात करायची आणि वर वर जायचं. सगळ्या चिकटल्या की आतल्या फळ्या काढून घ्यायच्या. चिकटवायला आधी सरस आणला. नमुना घंगाळात भिजत टाकला तर सकाळी पट्ट्या सुट्या तरंगत होत्या. मग बाभळीचा डिंक झाला, तो मुंग्यांनी नेला. शेवटी अकोल्याहून दोन डब्यांतला, एकमेकांत कालवायचा गोंद आला. त्याच्या वासानं माझं डोकं दुखे आणि काकांना भूक लागे.

पट्ट्या चिरायला गावचा सुतार मिस्त्री होता. त्यानं जन्मभर वखर, तिफणी आणि गाड्या केलेल्या. तो रोज येऊन सापळ्याभोवती फिरे आणि एकच शंका काढी. "फौजी, सगळं ठीक हाये. पन चाकाबिगर हे जाईन कसं?"

"पान्यावर."

"ते समजलं. पन जाईन कसं?"

लाकूड कुठून आणायचं हा खरा पेच होता. नवं सागवान मिळायचं नाही, आणि मिळालं तरी ओलं. वाळलेलं, सरळ, पन्नास वर्षं घरात मुरलेलं लाकूड गावात एकाच ठिकाणी होतं, ते म्हणजे लोकांच्या दारात. जुन्या घरांचे वासे आणि तुळया नव्या घरांत बसल्या नव्हत्या आणि ऊन खात पडून होत्या. काका दारोदार गेले. एका घरानं एक वासा द्यावा, त्याच्या दोन पट्ट्या निघतील, एक डाव्या अंगाला, एक उजव्या. पाण्यापलीकडं पुष्कळांच्या लेकी होत्या, काहींची शेतं होती. होडी झाली तर सगळ्यांच्याच कामाची.

आधी आली ती बौद्धांची घरं, मग मजुरीवाले, मग मिस्त्री स्वतः. मोठ्या घरांनी दोन महिने वाट पाहिली. होडीच्या अंगाला आकार येऊ लागला, शेजारच्या गावांतून लोक बघायला येऊ लागले, तसे तेही वासे घेऊन आले. समोरचे पाटील सगळ्यात शेवटी आले. जुन्या गावात ते या घरात कधी आले नसते. इथं समोरासमोर राहून राहून त्यांचा नाइलाज झाला होता. त्यांचा वासा लांब, तांबूस, एकही गाठ नसलेला. तो त्यांनी दारातच धरून ठेवला.

"फौजी, आमची पट्टी कुठं लावून राह्यला?"

"तुमी म्हनसान तिथं."

पाटलांनी सापळ्याकडं नीट पाहिलं. उलट्या पन्हाळीसारखा तो आकार खालून वर निमुळता होत गेलेला होता. आम्ही सगळे नुकतीच घरं बांधून बसलेली माणसं. आम्हाला त्यात छपराशिवाय दुसरं काही दिसणं शक्य नव्हतं. घर बांधताना आढ्याचं लाकूड चढवतात तेव्हा पूजा होते, नारळ फुटतो. मान आढ्याचा.

"वर," पाटील म्हणाले. "आढ्याच्या जागी. मधोमध."

"वर?"

"मंग काय पायाशी लावतं?"

"पाटील, एकडाव इचार करा."

"इचार कायचा? वर म्हंजे वर."

काकांनी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा मला साक्षीला धरलं. "मास्तर, आयकलं ना? पाटील वर म्हनून राह्यले." मी मान डोलावली. मलाही काही कळलं नव्हतं हे कबूल करतो.

पाटलांचा चुलतभाऊ, ज्याला गाव धाकटे पाटील म्हणे, तो दुसऱ्या दिवशी आला. दोघांची एका धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, बारा वर्षं कोर्टात केस चालू होती. थोरल्याला मधोमध जागा मिळाली म्हटल्यावर धाकट्यानं त्याच्या दोन्ही बाजूंना लागून आपल्या पट्ट्या लावून घेतल्या. एकूण अठ्ठावीस घरं लागली. शेवटची, मधली पट्टी बसली त्या दिवशी थोरल्या पाटलांनी तिला हळदकुंकू लावलं आणि माझ्या खाटेच्या पायावर नारळ फोडला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सगळे रिकामे होते म्हणून, होडी फिरवायचं ठरलं. आठ माणसं लागली. काकांनी लष्करी हुकूम दिला, माणसांनी सापळा उचलला, आडवा केला, पुरा फिरवला आणि दोरांच्या झोळीत ठेवला. आतल्या फळ्या काढल्या. आणि आमच्यासमोर होडी होती. अगदी चित्रातल्यासारखी, वरून उघडी, पोट खाली.

सगळ्यात आधी मिस्त्रीला कळलं. तो हळूच म्हणाला, "आढं खाली गेलं."

थोरले पाटील गुडघ्यावर बसले, मान वाकडी करून होडीखाली पाहू लागले. त्यांची हळदकुंकू लावलेली पट्टी शेणानं सारवलेल्या जमिनीपासून वीतभर वर होती. आणि होडीच्या काठावर, जिथं माणूस हात टेकेल, जिथं ऊन-वारा लागेल, तिथं बौद्धांच्या घरांच्या पट्ट्या होत्या. त्यांच्याखाली मजुरांच्या. मग मिस्त्रीची.

"फौजी," पाटील उठत म्हणाले, "हे तू उलटं ठेवलं."

"नाई जी. आता सुलटं झालं. आतापावतो उलटं होतं."

मिस्त्री तोंडावर उपरणं धरून बाहेर गेला. पुढं मी काकांना एकांतात विचारलं, की हे तुम्ही मुद्दाम केलं का? ते टेपच्या खाल्लेल्या टोकाकडं पाहत म्हणाले, "कर्नल साहेबाची पद्धतच तशी." एवढं साधं खोटं त्यांना याआधी बोलताना मी ऐकलं नव्हतं.

पाटील पेटले. पाण्याखाली आमची पट्टी राहणार नाही, आत्ताच्या आत्ता काढून दे. धाकटेही तेच म्हणू लागले. बारा वर्षांत दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं होतं. मधली पट्टी काढली तर होडीचे उभे दोन तुकडे होणार होते आणि आक्का कायमची पलीकडं राहणार होती.

काकांनी मात्र सुताराची पटाशी हातात घेतली आणि सावधानमध्ये उभे राहिले. "काढतो," ते म्हणाले. "पन मधात धुरा हाये."

"कायचा धुरा?"

"तुमची पट्टी अन् धाकट्या पाटलाची पट्टी एकमेकीले चिकटून हायेत. तुमची काढतो म्हनलं तं त्यायचा काठ तुटते. त्यायची संमती पायजे. लिहून."

सगळ्यांनी धाकट्या पाटलांकडं पाहिलं. संमती! त्या शब्दानं त्यांच्या अंगात आलं. "मी काहून लिहून देऊ? आधी त्यानं माह्या वावरातला धुरा सोडावा."

"तुह्या वावरातला?" थोरले म्हणाले.

पुढचं सगळं त्या धुऱ्याबद्दल झालं. विशेष म्हणजे तो धुरा तीन वर्षांपूर्वीच धरणाच्या पाण्यात गेला होता. तिथं आता मासे फिरत होते, पण केस चालू होती. दोघं भांडत माझ्या खोलीतून बाहेर पडले, भांडत रस्ता ओलांडला आणि भांडतच घरी गेले. काकांनी पटाशी पुसून जागेवर ठेवली.

आता फक्त वरचं झाकण राहिलं होतं. मांजरपाटाचं कापड ताणून बसवायचं, त्याला राळ आणि जवसाचं तेल द्यायचं, आणि पंधरा दिवस वाळू द्यायचं. कर्नल साहेबांची त्यावर सक्त ताकीद होती. घाई केली तर लाकूड रुसतं.

पण एसटीचे निरोप कमी होत होते. पावसाळ्याच्या तोंडाला आक्काच्या शिव्या इतक्या असत की एखादी राहू नये म्हणून कंडक्टर त्या बोटांवर मोजत सांगे. श्रावणात नुसतंच "येत नाई म्हनते" आलं. मग "बरी हाये म्हनते". भादव्यात एका दिवशी कंडक्टर खाली उतरला, विडी पेटवली आणि काही बोलेचना.

"काय म्हनली?" काकांनी विचारलं.

"काही नाई म्हनली. खाटेवर हाये म्हनतात."

काका घरात आले आणि बूट न घालताच खाटेवर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी कापडाला तेल दिलं आणि चार दिवसांनी होडी बाहेर काढायची म्हणाले. मी म्हटलं, "पंधरा दिवस वाळायला हवं ना? कर्नल साहेब..."

"कर्नल साहेबाले बहीन नसन," ते म्हणाले. मी सात महिन्यांत त्यांच्या तोंडून त्या साहेबाविरुद्ध ऐकलेला हा एकच शब्द.

आश्विनातली सकाळ होती, तलाव तुडुंब. होडी माझ्या दारातून अलगद निघाली, चार बोटं जागा ठेवून. मला खोली अचानक फार मोठी आणि उघडीवाघडी वाटली. सगळं गाव काठावर आलं होतं. काका त्या दिवशी पहिल्यांदा बूट घालून घराबाहेर पडले. पुढच्या भोकात त्यांनी आक्कासाठी गोधडी चौघडी करून ठेवली, मागच्यात स्वतः बसले आणि दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं उचललं. होडी डावीकडं कलली, उजवीकडं कलली. बायकांनी तोंडाला पदर लावले. मग ती सरळ झाली आणि निघाली. मिस्त्री माझ्या कानाशी पुटपुटला, "जाते ना बा. चाकाबिगर."

आम्ही ठिपका होईपर्यंत पाहत राहिलो. काका आक्काला घेऊन दुपारपर्यंत येणार होते. दुपार झाली, संध्याकाळ झाली. थोरले पाटील काठावरून हलले नाहीत. "बुडाला तं नाई ना?" ते दर थोड्या वेळानं विचारत.

"तुमची पट्टी खाली हाये," मिस्त्री म्हणाला, "तिलेच ठाऊक."

काका दुसऱ्या दिवशी दुपारी आले. पुढच्या भोकात कुणी नव्हतं, गोधडीही नव्हती. ते सरळ घरी गेले. मी मागोमाग. त्यांनी अंथरुणाची लष्करी घडी घातली आणि पत्र्याची पेटी खाटेखालून ओढली.

"काका, आक्का?"

"हाये." ते पेटीत कपडे भरत होते. "मास्तर, मी सात महिन्याची तयारी करून गेलतो. ती हे म्हनीन तं मी ते म्हनीन. सगळं पाठ. दारात गेलो. खाटेवर पडली होती, चिपाडावानी झाली. मी म्हनलं, चाल, डोंगा आनला, आता माह्या घरी राह्य. अन् वाट पाहून राह्यलो, आता गाढव म्हनीन. तिनं हात धरला माहा. म्हनली, तू म्हनशीन तसं."

त्यांनी पेटीतला एक सदरा काढून त्याची पुन्हा घडी घातली.

"जन्मात तिनं मले हे म्हनलं नाई. असं जिंकून काय करू मी? जे मानूस भांडत नाई त्याले त्याच्या घरातून उचलून आनावं का? एक गाव उठताना पाह्यलं, तेवढं पुरे. मीच जातो तिकडं."

मी पेटीची दुसरी कडी धरली. काठावर थोरले पाटील धोतर मांड्यांपर्यंत खोचून पाण्यात उतरले आणि पेटी पुढच्या भोकात बसेपर्यंत दोन्ही हातांनी होडी धरून उभे राहिले. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. पट्टीचा विषय त्यांनी काढला नाही.

पुढं दर बाजाराच्या दिवशी काका येत, तेल-मीठ आणि औषध घेत आणि परत जात. मी दर वेळी विचारी, "भांडली का?" ते मान हलवत. पेज घेते, म्हणत. उठून बसते, म्हणत. दिवाळीत म्हणाले, चुलीपर्यंत गेली, पण बोलली काही नाही. भिंतीतलं भोक मी बुजवलं नाही. त्यांच्या खोलीत दिवा लावायला तेवढंच सोपं पडे.

संक्रांतीनंतरच्या एका सकाळी, बाजाराचा दिवस नसताना, शाळेत निरोप आला की फौजी आला. मी वर्ग सोडून धावलो. थोरले पाटील आणि मिस्त्री आधीच काठावर होते. होडी येत होती आणि पुढच्या भोकात पत्र्याची पेटी होती. पाटलांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

होडी काठाला लागली. काका रडत होते. डोळ्यांचं पाणी मिशांत उतरत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. मी पाण्यात उतरून त्यांचा दंड धरला.

"काका, कधी?"

"आता सकाळीच," ते म्हणाले. "भाकर टाकून राह्यली होती. मी म्हनलं, मीठ कमी हाये. तं उलथनं घेऊन उठली. म्हनली, चार महिने झाले आयतं बसून खाऊन राह्यला, तुले सोताचं घर नाई का, गाढवा? पेटी तिनंच ढकलत दारापावतो आनली." त्यांना हुंदका आला. "चालता हो म्हनली, मास्तर. सोताच्या पायावर उभी राहून म्हनली."